प्ले पीस म्हणजे खेळणं नव्हे

ऑगस्टच्या मध्याला स्कॉटलंडमधल्या शाळा सुरू होतात. पाच वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून एडिनबराला आलो आणि पाचव्याच आठवड्यात आमच्या पाच वर्षांच्या लेकीची शाळा सुरू झाली. शाळेकडून ईमेल आला. रोज काय काय आणायचं त्याची यादी होती. जिमचे बूट, पाण्याची बाटली, पावसाचं जॅकेट आणि एक ‘प्ले पीस’. मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर, यादी समोर आली की खुणा करत सुटतो. प्ले पीस म्हणजे खेळायची एखादी वस्तू, असं मी आणि बायकोने ठरवून टाकलं आणि तिच्या दप्तरात सावंतवाडीचा लाकडी भोवरा ठेवला.

दुपारी आणायला गेलो तर लेकीचा चेहरा उतरलेला. छोट्या सुट्टीत सगळ्या मुलांनी डबे काढले. कुणी केळं खात होतं, कुणी बिस्किट, कुणी चीजचा तुकडा. आमची लेक हातात भोवरा घेऊन भिंतीपाशी उभी होती. इथे ‘पीस’ म्हणजे सँडविच आणि ‘प्ले पीस’ म्हणजे छोट्या सुट्टीतला खाऊ. हे मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. येण्याआधी आयईएल्ट्सची परीक्षा देऊन मी आठ बँड मिळवले होते, त्याचा त्या दिवशी काडीचाही उपयोग झाला नाही.

ही गोष्ट आज सांगायचं कारण म्हणजे गेली तीन वर्षं मी दर शनिवारी सकाळी आमच्या भागातल्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये स्वयंसेवक म्हणून जातो. नव्याने आलेल्या मुलांचा तिथे इंग्रजीचा वर्ग चालतो. पाच ते दहा वयोगटातली बारा-पंधरा मुलं असतात. कुणी सीरियाचं, कुणी युक्रेनचं, कुणी पोलंडचं, दोन केरळची, एक आपल्या नाशिकचा. त्यांना भाषेबरोबर इथल्या चालीरीतीही कळाव्यात, असं सगळ्यांनाच वाटतं. पण त्या कशा कळाव्यात, याबद्दल आम्ही बराच काळ चुकीच्या वाटेने चाललो होतो, असं माझं मत झालं आहे. माझ्या घरातही मी तीच चूक केली, म्हणून हे लिहितोय.

भिंतीवरचं स्कॉटलंड

पहिल्या वर्षी आम्ही ‘स्कॉटलंड ओळख’ असा एक शनिवार ठेवला होता. भिंतीवर चित्रं लावली. किल्ट घातलेला माणूस, बॅगपाइप, एडिनबराचा किल्ला, लॉख नेस सरोवरातली नेसी, काटेरी थिसलचं फूल. मी स्लाइड्स केल्या, प्रश्नमंजूषा केली. मुलांनी थिसल रंगवलं, नवे शब्द पाठ केले. तासाच्या शेवटी नऊ वर्षांच्या एका सीरियन मुलाने सगळी उत्तरं बरोबर दिली. आम्ही खूश.

पुढच्या शनिवारी त्याच्या आईने एक प्रसंग सांगितला. मधल्या आठवड्यात शाळेच्या मैदानात तो पडला, गुडघा फुटला आणि रडायला लागला. वर्गातली एक मुलगी धावत आली आणि तिने विचारलं, “तू का ग्रीट करतोयस?” इथल्या बोलीत, म्हणजे स्कॉट्स भाषेत, ‘ग्रीट’ म्हणजे रडणं. आम्ही मात्र त्याला ‘ग्रीटिंग’ म्हणजे अभिवादन असं शिकवलं होतं. म्हणून तो बिचारा डोळे पुसत म्हणाला, “गुड मॉर्निंग.” आजूबाजूची मुलं हसली. नंतर दोन दिवस तो शाळेत जायला तयार नव्हता.

नेसी कुठल्या सरोवरात राहते हे त्याला माहीत होतं. पण कुणीतरी आपली विचारपूस करतंय, हे त्याला कळलं नाही. त्या दिवशी मला आमच्या लेकीचा भोवरा आठवला.

नेसीवर माझा राग नाही. मुलांना ती आवडते. १९३३ मध्ये वर्तमानपत्रांतून तिचा गाजावाजा झाला, पुढच्या वर्षी छापलेला तिचा सर्वांत प्रसिद्ध फोटो नंतर बनावट निघाला, ही गोष्ट मुलं डोळे मोठे करून ऐकतात. टार्टनचंही तसंच. चौकटी रंगवायला दिल्या की पाच मिनिटांत कंटाळतात. पण सांगून बघा, की १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलंडमधल्या बंडखोरांचा पराभव झाल्यावर सरकारने कायदा करून तिथल्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली आणि ती १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, तेव्हा लेखक सर वॉल्टर स्कॉट यांनी स्वागताचा असा थाट मांडला की तेच टार्टन मिरवायची वस्तू झालं. “म्हणजे आधी कपडे घातले म्हणून शिक्षा आणि मग राजासाठी तेच कपडे?” असं एका युक्रेनियन मुलीने मोडक्या इंग्रजीत विचारलं होतं. हा प्रश्न रंगवलेल्या शंभर चौकटींपेक्षा मोलाचा आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे, की लहान मुलाला संस्कृती दाखवून फारसं काही होत नाही. त्या रीतीत त्याच्या वाट्याला एखादं काम यावं लागतं. काम आलं की त्यासाठी लागणारे शब्द ते आपणहून उचलतं.

“तू काय करून दाखवणार?”

आमच्या पहिल्या ऑक्टोबरची गोष्ट. शाळा सुरू होऊन अडीच महिने झाले होते आणि लेक वर्गात एक अक्षर बोलत नव्हती. नव्या भाषेत पडलेली मुलं अशी काही महिने नुसती ऐकत राहतात, त्यात काळजीचं काही नाही, असं शिक्षिका सांगत होत्या. पण आई-बापाचा जीव थोडाच राहतो!

३१ ऑक्टोबरला हॅलोवीन आला. अमेरिकन सिनेमे पाहून आमची समजूत अशी, की पोरांनी सोंग घ्यायचं, दार वाजवायचं आणि पिशवी पुढे करायची. लेकीला वाघ केलं आणि आमच्याच जिन्यातल्या खालच्या मजल्यावरच्या आजींचं दार वाजवलं. आजींनी दार उघडलं, वाघाचं कौतुक केलं आणि विचारलं, “मग, तुझा टर्न काय?”

स्कॉटलंडमध्ये या प्रकाराला ‘गाइझिंग’ म्हणतात आणि इथे खाऊ फुकट मिळत नाही. गाणं म्हणायचं, विनोद सांगायचा, कविता म्हणायची, नाचायचं, काहीतरी करून दाखवायचं. त्याला टर्न म्हणतात. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. लेकीला ‘टर्न’ म्हणजे वळणं एवढंच ठाऊक होतं, म्हणून तिने जागच्या जागी एक गिरकी घेतली. आजींनी टाळ्या वाजवल्या, पण हात खाऊच्या टोपलीकडे नेईनात. मग बायको तिच्या कानात कुजबुजली आणि वाघोबाने आजीने शिकवलेलं एक मराठी बडबडगीत हातवाऱ्यांसकट पूर्ण म्हणून दाखवलं. खालच्या आजींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. एक शब्द कळला नसेल, पण मध्ये थांबवलं नाही. मग पिशवीत एक संत्रं आणि मूठभर भुईमुगाच्या शेंगा टाकल्या. हॅलोवीनला इथे शेंगा देतात! दर्यापूरच्या माणसाला परदेशात यापेक्षा अधिक काय हवं?

दुसऱ्या दिवसापासून लेक वर्गात घडाघडा बोलायला लागली, असं काही झालं नाही. नाताळपर्यंत ती गप्पच होती. पण पुढचा आठवडाभर ती घरात बाथरूमचं दार वाजवून आम्हाला विचारायची, “तुझा टर्न काय?” हा तिचा पहिला स्वतःचा इंग्रजी प्रश्न. त्या संध्याकाळी तिच्याकडे जे होतं, म्हणजे मराठी गाणं, ते इथल्या रिवाजात चाललं. गाणं इंग्रजीतच हवं, अशी अट त्या रिवाजात नाही.

आता आमच्या शनिवारच्या वर्गात ऑक्टोबरचे तीन तास यातच जातात. मुलं दार वाजवायचा सराव करतात. यजमान कोण, पाहुणा कोण, कोण काय विचारणार, कोण काय म्हणणार. वाक्यं चारच आहेत, पण प्रत्येक मूल ती वीस वेळा म्हणतं आणि कंटाळत नाही. इथे पूर्वी भोपळ्याऐवजी ‘नीप’ म्हणजे सलगमच्या जातीचा, आतून पिवळसर असा कंद कोरून दिवा करत. तो आम्हीही कोरतो. दगडासारखा कडक असतो. दोन मोठी माणसं आणि तीन चमचे वाकल्याशिवाय दिवा होत नाही. पण ‘धर’, ‘ढकल’, ‘खरवड’, ‘माझ्याकडे दे’, ‘नाही होत’ हे शब्द त्या तासात जे पक्के होतात ते कायमचे.

नाच, कोळसा आणि काळे केस

डिसेंबरच्या आधी इथल्या शाळांत पीटीच्या तासाला ‘केली’ नाच शिकवतात. गेलिक भाषेतला हा शब्द म्हणजे मूळचा घरगुती गाण्या-नाचण्याचा मेळावा. समोरासमोर रांगा, जोड्या, मग जोडीदार बदलायचा, हातात हात घालून फिरायचं. आपल्या टिपऱ्यांची आठवण येते. भाषा न येणाऱ्या मुलासाठी यासारखा धडा नाही. डावा हात, उजवा हात, पुढे, मागे, फिर, सोड. ऐकलं ते लगेच अंगाने करायचं, चुकलं तर शेजारचा ओढून जागेवर आणतो. आणि चुकतात सगळेच, इथे जन्मलेलीसुद्धा.

मग येतं हॉगमनेय, म्हणजे वर्षाची शेवटची रात्र. धर्मसुधारणेनंतर इथल्या चर्चने नाताळला फार थारा दिला नाही. १९५८ पर्यंत नाताळला स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक सुट्टीही नव्हती. त्यामुळे सगळा उत्साह नववर्षात आला. आदल्या दिवशी घर झाडूनपुसून लख्ख करायचं, उधारी-उसनवारी मिटवायची. हे ऐकल्यावर आमच्या वर्गातला नाशिकचा मुलगा म्हणाला, “दिवाळी!” मध्यरात्रीनंतर उंबऱ्यात पहिलं पाऊल कुणाचं पडतं, याला मोठा मान. तो माणूस उंच आणि काळ्या केसांचा असला तर वर्ष चांगलं जातं म्हणतात. हातात कोळशाचा तुकडा, शॉर्टब्रेड, व्हिस्की असं काहीतरी घेऊन यायचं.

दुसऱ्या वर्षी खालच्या आजींनी मलाच बोलावलं. उंचीच्या बाबतीत मी अटीत बसत नाही, पण केस अजून काळे आहेत. आजींनी दरवर्षीचा ठेवणीतला कोळसा कागदात गुंडाळून आधीच आमच्याकडे दिला होता. तो लेकीने धरला आणि आम्ही बारा वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या दारात उभे राहिलो. परक्या देशात कुणीतरी आपल्याला शुभशकुनाचा पाहुणा म्हणून बोलावतं, हे सुख पगाराच्या स्लिपवर दिसत नाही. लेकीला मात्र त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिच्या दृष्टीने कोळसा नेणं हे तिचं काम होतं आणि तिने ते केलं.

‘आय’ की ‘येस’?

आता माझी चूक.

दुसऱ्या वर्षी लेक बोलायला लागली आणि जे बोलायला लागली ते ऐकून मी अस्वस्थ झालो. ‘येस’च्या जागी ‘आय’. ‘लिटल’च्या जागी ‘वी’. ‘माहीत नाही’ म्हणायचं तर ‘आय डिना केन’. कंटाळवाणा, ओला, करडा दिवस असला की ‘ड्रीख’. मी तिला दुरुस्त करायला लागलो. रोज रात्री जेवताना ती शाळेतलं काही सांगायची आणि मी मध्येच म्हणायचो, “आय नाही, येस. डिना नाही, डोंट.” आपण एवढ्या लांब चांगलं इंग्रजी शिकवायला आणलं आणि पोर गावठी बोलायला लागली, असं मला खरोखर वाटत होतं.

जानेवारीत शाळेने तिला स्कॉट्समधली एक कविता पाठ करायला दिली. २५ जानेवारी हा रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस. एअरशरमधल्या ॲलोवे गावी १७५९ मध्ये जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला, पण त्याने आपल्या लोकांच्या भाषेत लिहिलं म्हणून आजही त्या रात्री घराघरांत, हॉटेलांत हॅगिस, नीप आणि टॅटी म्हणजे बटाटे वाढतात, कविता म्हणतात. शाळांत त्या सुमारास स्कॉट्स कवितांच्या पाठांतराची स्पर्धा असते. मी तडक शिक्षिकांना भेटलो आणि म्हणालो, तिचं इंग्रजीच अजून कच्चं आहे, त्यात ही बोलीभाषा कशाला?

त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी स्कॉट्स बोलत नाहीत. जी इंग्लंडमधून आली आहेत तीही या कवितेला अडखळतात. वर्षभरात हा एकच धडा असा आहे, ज्यात तुमची मुलगी इतरांच्या मागून सुरुवात करत नाही. तो मी काढून घेऊ का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरा झटका घरी बसला. मी हे सगळं बायकोला सांगत होतो. ती म्हणाली, “तुझ्या लक्षात आलंय का, गेले पंधरा दिवस ती जेवताना शाळेचं काही सांगतच नाही? सांगेल कशाला? प्रत्येक वाक्याला तू लाल पेन्सिल लावतोस.” आणि थोडं थांबून, “तुझं कॉलेजात काय झालं होतं ते विसरलास?”

विसरलो नव्हतो. मी अमरावती जिल्ह्यातला, दर्यापूर तालुक्यातला. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘करून राह्यलो’ हेच माझं मराठी. होस्टेलवर माझी नक्कल व्हायची. कुणी वाईट नव्हतं, सगळे मित्रच होते, पण मी बोलायला तोंड उघडलं की आधी हशा पिकायचा. सहा महिन्यांत मी माझी भाषा बदलून टाकली. बाबांचा फोन आला आणि पलीकडून “काहून बे, जेवला काय?” ऐकू आलं की मी खोलीतून उठून जिन्यात जायचो, कुणी ऐकू नये म्हणून. पुढे पुढे मी त्यांच्याशीही पुस्तकी बोलायला लागलो. त्यांनी कधी विचारलं नाही. पण फोन लहान होत गेले.

आणि आता तेच मी माझ्या जेवणाच्या टेबलावर करत होतो. फरक इतकाच, की होस्टेलवर हसणारी पोरं अठरा वर्षांची होती आणि मी बाप होतो.

मग मी थोडं वाचलं. स्कॉट्स ही बिघडलेली इंग्रजी नव्हे. दोघींचं मूळ एकच जुनी इंग्रजी, दोन बहिणींसारख्या त्या वेगळ्या वाढल्या. २०११ च्या जनगणनेत सुमारे पंधरा लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं नोंदवलं. गेलिक बोलणारे तेव्हा सत्तावन्न हजारांच्या आसपास होते. १८७२ च्या कायद्याने इथे शिक्षण सक्तीचं केलं, पण त्यात गेलिकला जागाच नव्हती. शाळेत गेलिक किंवा स्कॉट्स बोललो म्हणून मार खाल्ल्याच्या आठवणी इथल्या अनेक घरांत सांगितल्या जातात. खालच्या आजीही सांगतात, की वर्गात ‘आय’ म्हटलं म्हणून त्यांच्या हातावर चामड्याचा पट्टा बसला होता. त्या अजूनही बँकेत गेल्या की ‘येस’ म्हणतात आणि घरी ‘आय’. गेल्या काही दशकांत चित्र बदललं. मुलांसाठी स्कॉट्समधून पुस्तकं निघू लागली, ‘ग्रफेलो’ हे लहान मुलांचं लाडकं पुस्तकही स्कॉट्समध्ये आलं. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला. दीडशे वर्षं ज्यासाठी मार दिला, ते जपायला आता कायदा करावा लागतोय.

यावरचे आक्षेप

माझ्या मताला वर्गातल्या पालकांचाच विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पहिला आक्षेप परीक्षेचा. प्रमाण इंग्रजी आलंच पाहिजे, नोकरी त्यावरच मिळते. मान्य. मी स्वतः त्याच्या जोरावर इथे आलो. पण मुलं दोन्ही वेगळं ठेवतात, आपण समजतो त्यापेक्षा फार लवकर. लेक निबंधात ‘येस’ लिहिते आणि मैदानात ‘आय’ म्हणते, कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या ऑफिसात तर अधिकृत कागदपत्रांत ‘च्या बाहेर’ या अर्थी ‘आउटविथ’ हा खास स्कॉटिश शब्द असतो आणि माझ्या कोडमधली चूक दाखवताना मॅनेजर हमखास ‘अ वी इश्यू’ म्हणतो. वी म्हणजे छोटा. तो इश्यू कधीच छोटा नसतो, हेही कळायला मला वर्ष लागलं.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आणि खाण्यापिण्याचा. काही घरांना हॅलोवीन चालत नाही. हॅगिसमध्ये मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुसं आणि ओटचं भरड पीठ असतं, हे न सांगता मुलाच्या ताटात वाढणं चूक आहे. व्हिस्कीचं तर बोलायलाच नको. यावर आमचा नियम साधा आहे. आधी पालकांना सगळं नीट सांगायचं आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. शाकाहारी हॅगिस इथल्या दुकानांत सहज मिळतं. सोंग न घेताही मूल कविता म्हणू शकतं. मी स्वतः वजडी आवडीने खाणाऱ्या घरातला असल्यामुळे हॅगिसने मला धक्का बसला नाही, पण तो माझा प्रश्न झाला, वर्गाचा नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. आमच्या मुलांना तुम्ही स्कॉटिश बनवताय, मग आमचं काय राहणार? सीरियन मुलाच्या आईने हे विचारलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. मला वाटतं, याचं उत्तर ‘तुमच्या देशाचा स्टॉल लावा’ हे नाही. वर्षातून एकदा मुलाला झब्बा घालून समोशांच्या ताटामागे उभं करणं म्हणजे पुन्हा भिंतीवरचं चित्रच, फक्त आता चित्रात तो. त्यापेक्षा गाइझिंगला त्याने अरबीत गाणं म्हणावं. हॉगमनेयच्या तासाला त्याने सांगावं, की त्याच्या घरी सणाला पहिला पाहुणा आला की काय करतात. त्याने ते सांगितलं. कॉफी देतात, म्हणाला, आणि कप कसा धरायचा ते उठून करून दाखवलं. त्या तासाला तो मास्तर होता.

जाता जाता, घरच्यांसाठी

हे वाचणाऱ्यांत नातवंडं परदेशात असलेले बरेच आजी-आजोबा असतील. त्यांना एक विनंती. व्हिडिओ कॉलवर नातवंडाला “इंग्रजी बोलून दाखव बरं” म्हणू नका आणि त्याच्या उच्चाराला हसूही नका, कौतुकानेसुद्धा. तोच नातू तीन वर्षांनी मराठी बोलेनासा झाला की आपणच हळहळतो. त्याला काम द्या. एखादं गाणं शिकवा. कधी कुणाच्या दारात उभं राहून म्हणायची वेळ येईल, सांगता येत नाही.

आणि माझ्यासारख्या आई-बापांना सांगायचं तर, मूल ज्या गावात वाढतंय त्या गावाची भाषा ते बोलणारच. ग्लासगोत ग्लासगोची, लीड्समध्ये लीड्सची. ती सुधारण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, तेवढा वेळ त्याच्याशी आपल्या भाषेत बोलण्यात घालवला तर दोन्ही राहतील. मी जेवताना दुरुस्त करणं बंद केलं. सोपं गेलं नाही, अजूनही कधी कधी जीभ चावावी लागते. शाळेच्या गोष्टी परत यायला महिनाभर लागला.

त्या जानेवारीत लेकीने कविता पाठ केली. स्पर्धेत नंबर वगैरे आला नाही, मध्ये एक कडवं विसरली. रविवारी बाबांना फोन लावला आणि तिने ती त्यांनाही म्हणून दाखवली. दर्यापूरला खाटेवर बसून बाबांनी ती सगळी ऐकली, मान डोलावली आणि अर्थ विचारला. तिने सांगितला. इथे ‘का’ म्हणायचं असलं तर मोठी माणसंसुद्धा ‘व्हाय’ न म्हणता ‘हाऊ’ म्हणतात, हेही तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं. बाबा म्हणाले, “आपण काहून म्हणतो, तसंच त हे.”

“काहून म्हणजे?” तिने विचारलं.

हा शब्द तिने माझ्या तोंडून कधी ऐकलेलाच नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत आणि मग तिला समजावून सांगायला लागले. त्या दिवशी फोन पाऊण तास चालला.